सव्वा मूठ

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घराघरांत कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. तिच्या रोटांसाठी धान्य मोजून घेण्याची आमच्या घरची एक रीत आहे: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. आमची माय मांडी घालून बसे, एकेक नाव घेई आणि सुपात मूठ टाकी. वरची पाव मूठ अंदाजाने. आधी आबांचे नाव, मग काकांची, मग आमच्या थोरल्या भावाचे. भाऊचे नाव घेताना तिचा आवाज खाली येत नसे आणि मूठही लहान होत नसे. हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण भाऊला मोजण्याचे जे इतर प्रसंग पुढच्या पन्नास वर्षांत आले, त्यांपैकी एकातही तो पुरा भरला नाही.

लिहिणारे आम्ही दोघे त्याची धाकटी भावंडे. एक पारोळ्याच्या जुन्या घरात राहतो, दुसरी लग्न होऊन धुळ्यात आली. हा लेख फोनवरून, एकमेकांच्या वाक्यांना हरकती घेत लिहिला आहे, त्यामुळे कुठे सांधा दिसला तर वाचकांनी समजून घ्यावे. पारोळा जळगाव आणि धुळे यांच्या मधल्या महामार्गावर आहे, पण अगदी मध्यावर नाही. धुळे पस्तीसेक किलोमीटर, जळगाव पंचावन्नच्या आसपास. दवाखाना, बाजार, सोयरीक यांसाठी आमची पावले धुळ्याकडे वळतात. जिल्हा मात्र जळगाव. ज्याला उपचार हवे त्याने पश्चिमेची बस धरावी आणि ज्याला कागद हवा त्याने पूर्वेची, असे आमच्या तालुक्याचे भूगोलाने ठरवून दिलेले आहे. घरात भाऊसारखे मूल असले की दोन्ही बशी धराव्या लागतात.

भाऊ १९६९ सालचा. तो उशिरा चालला, फार उशिरा बोलला आणि जे बोलला ते थोडके. गावात त्याला ‘भोया’ म्हणत. अहिराणीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया होतो, तसा भोळ्याचा भोया. या शब्दाविषयी आमच्या दोघांचे मत एक नाही. एकाला तो प्रेमळ वाटतो, कारण त्या शब्दाबरोबर गावात एक जागा मिळत होती: भोयाने गुरांना पाणी दाखवावे, लग्नाचे बोलावणे घरोघर पोचवावे, कानबाईच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे नाचावे आणि कुणी त्याला हटकू नये. दुसरीला आठवते ते असे, की आमच्याच वर्गातली मुले त्याच्यामागे खडे मारीत धावत आणि त्या वेळीही तोच शब्द ओरडत. ती खरे सांगते आहे, हे पहिल्याला मान्य करावे लागते. खडे मारणाऱ्यांत तोही एकदा होता.

आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७८ साली त्यांनी भाऊला एका मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे नेले. नऊ वर्षांच्या मुलाला टेबलासमोर बसवून चित्रे दाखवली गेली. मुलाचे चित्र आले तेव्हा भाऊ म्हणाला, “आंडोर.” आमच्याकडे मुलाला आंडोर म्हणतात आणि मुलीला आंडेर. समोरच्या गृहस्थांनी काय लिहिले ते आबांना उलटे का होईना, पण वाचता आले: निरर्थक उच्चार. आबा मास्तर असल्यामुळे त्यांना तपासनिसाशी वाद घालायचा नसतो हे ठाऊक होते. ते गप्प बसले. त्या गप्प बसण्याबद्दल ते पुढे पंचवीस वर्षे बोलत राहिले.

भाऊ त्या एका शब्दामुळे मागे पडला असे नाही. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्याला खरोखरच येत नव्हत्या, हे सांगायला हवे. तरीही चाचणीच्या भाषेचा प्रश्न उरतोच. बुद्धिमापनाची बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवण्याचे मोठे काम धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात केले आणि बिने-कामत या नावाने ती चाचणी पुढे कितीतरी दशके वापरात राहिली. परदेशी चाचणी आपल्या मुलांना तशीच लावता येत नाही, हे त्या काळी ओळखणे ही साधी गोष्ट नव्हती. पण ‘मराठी मूल’ म्हटल्यावर जे मूल डोळ्यांसमोर येते ते पुण्याचे, फार तर धारवाडचे असते. वावरात वाढलेले, आईला माय आणि इथे-तिथेला आठे-तठे म्हणणारे मूल मराठीच्या नकाशात आहे, मापनाच्या कोष्टकात नाही. बहिणाबाईंच्या बोलीचे कौतुक करणाऱ्या जिल्ह्यात हे व्हावे, याची गंमत वाटण्याइतके अंतर आम्हाला अजून साधलेले नाही.

सेवा म्हणून त्या वेळी आसपास काय होते? आमच्यापुरते सांगायचे तर काहीच नव्हते. पुण्यात ‘कामायनी’ १९६४ पासून चालू होती. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली ‘प्रबोधिनी’ सुरू केली होती. स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने या कामाकडे वळलेली ती एक शिक्षिका, हे कळल्यावर आबांना फार बरे वाटले होते. पण शाळा नाशिकला आणि नोकरी जळगाव जिल्हा परिषदेची. जिल्हा बदलून बदली मिळवणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते आणि मुलाला एकट्याने वसतिगृहात ठेवायला माय तयार नव्हती. अशा संस्थांचा इतिहास लिहिला जातो आणि तो लिहिला जायलाच हवा. ज्या घरांना त्या संस्थांचे नाव कळले आणि अंतर ओलांडता आले नाही, त्यांचा इतिहास मात्र कुणाच्या अहवालात येत नाही.

त्या इतिहासातले एक पान आम्हालाही फार उशिरा कळले. आमच्या लहानपणी ओसरीवरच्या खाटेच्या पायाला एक दोर असे. आम्ही तो म्हशीचा समजत होतो. माय जाण्याच्या काही महिने आधी, २०१९ साली, एकदा सहज बोलावे तशी ती म्हणाली, की आबा शाळेत, तुम्ही दोघे शाळेत, कापसाची वेचणी तोंडावर, आणि भाऊ तर विहिरीकडे धावायचा. मग दोन हंगाम त्याला खाटेला बांधून जावे लागले. दुपारी येऊन सोडायची, भाकरी भरवायची आणि पुन्हा बांधून जायची. हे सांगताना तिने आमच्याकडे पाहिले नाही. आम्हीही काही विचारले नाही. दोर किती लांब होता, त्याला सावली कुठवर मिळायची, असले प्रश्न नंतर रात्री सुचले आणि मग विचारायला ती राहिली नाही.

शासकीय योजनांत आज एक गोष्ट असते जिला ‘रेस्पाइट केअर’ म्हणतात: मूल काही तास किंवा काही दिवस दुसऱ्या विश्वासाच्या माणसाकडे राहावे आणि घरच्यांनी श्वास घ्यावा. १९९९च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या योजनांची नावे दिशा, विकास, समर्थ, घरौंदा अशी आहेत आणि त्यांतली ‘समर्थ’ याच कामासाठी योजलेली. मराठी परिपत्रकात या शब्दाचे काहीतरी ‘विश्राम सेवा’ वगैरे करतात. मराठीत यासाठी ‘उसंत’ हा चांगला शब्द पडून आहे, पण तो कुणाला सुचत नाही, कारण उसंत ही सेवा असू शकते असे आपल्याला वाटतच नाही; ती बाईने कामातून चोरायची वस्तू आहे अशीच आपली समजूत. मायला वेचणीच्या हंगामात रोज चार तासांची उसंत देणारे एक माणूस गल्लीत असते, तर तो दोर म्हशीचाच राहिला असता.

१९९१ साली ‘चौकट राजा’ आला. धुळ्याला जाऊन आम्ही तो सहकुटुंब पाहिला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पडद्यावर आला की भाऊ मोठ्याने हसे आणि पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघत. चित्रपट चांगलाच आहे. त्याने मध्यमवर्गीय मराठी घरांत या विषयावर बोलायची वाट करून दिली. पण नंदूचे तसे होण्याला लहानपणीच्या अपघाताचे कारण आहे. मायने थिएटरातून बाहेर पडताना तेवढेच पाहिले होते. “त्याले कारन तरी शे,” ती म्हणाली. तिला आयुष्यभर कारण विचारले गेले होते: ग्रहणात बाहेर गेली होतीस का, कुणाची दृष्ट लागली का, पोटात असताना काय खाल्लेस. तिच्याजवळ एकही अपघात नव्हता.

१९९५च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले, त्यांत ‘मतिमंदत्व’ होते, आणि आमचा भोया कागदोपत्री मतिमंद झाला. प्रमाणपत्र निघाले २००३ साली, भाऊ चौतीस वर्षांचा असताना, पूर्वेच्या बसने चार फेऱ्या मारल्यावर. या वेळची तपासणी मात्र आबांना आवडली. तपासणाऱ्या बाईंनी भाऊला चित्रे दाखवली नाहीत. त्या मायशी बोलत बसल्या. स्वतः जेवतो का, बटणे लावतो का, गावात एकटा फिरून परत येतो का, दुकानातून वस्तू आणतो का. ही व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मोजणी, जिचे भारतीय रूप नागपूरच्या डॉ. मालिन यांनी तयार केले. मायने प्रत्येक उत्तर उदाहरणासह दिले, आणि तेही अहिराणीत. बाईंना ती कळत होती. निकाल लागला मध्यम स्वरूपाचे मतिमंदत्व, म्हणजे नियमाप्रमाणे ७५ टक्के. एसटीच्या भाड्यातली सवलतही ७५ टक्केच असल्याने मायची अखेरपर्यंत अशी समजूत होती, की मुलगा जितका कमी तितके तिकीट कमी. पुढच्या वर्षी आबा गेले.

शब्द नंतर भराभर बदलले. मतिमंदाचा ‘विशेष’ झाला. २०१५च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवल्यापासून ‘दिव्यांग’ झाला. २०१६च्या कायद्याने प्रकार ७ वरून २१ केले आणि ‘बौद्धिक अक्षमता’ हे नाव आणले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच निघाला. शब्दांची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. स्वमग्नता १९९५च्या यादीत नव्हती आणि २०१६च्या यादीत आली, एवढ्या एका शब्दाने किती घरांची दारे उघडली हे आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्याच गल्लीत.

चुलतभावाची नात २०१९ची. चार वर्षांची होईपर्यंत ती हाक मारल्यावर वळत नसे, बाटलीची झाकणे ओळीने लावीत बसे आणि कुणी ओळ मोडली तर तासभर रडे. आजीचे म्हणणे, भाऊवर गेली. भाऊवर ती मुळीच गेलेली नाही. भाऊ माणसांत रमणारा आणि ही माणसांना चुकवणारी. पण घरात एक होऊन गेले, की पुढचे सगळे त्याच्याच खात्यावर जमा होतात. २०२३ साली अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले. हा कार्यक्रम देशभरासाठी २०१३ साली पालघरहून सुरू झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासायच्या, जन्मजात व्यंगापासून विकासातल्या विलंबापर्यंत काय आहे ते हेरायचे आणि पुढे पाठवायचे. पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी पंधरा मिनिटांत ओळखले. भाऊच्या वेळी ज्याला नऊ वर्षे लागली आणि तरी चुकले, ते पंधरा मिनिटांत, अंगणवाडीच्या सतरंजीवर. हा फरक लहान नाही, आणि सरकारी कामांबद्दल नेहमीचे उसासे टाकणाऱ्यांनी तो मोजावा असे आम्हाला वाटते.

अडचण ओळखण्यानंतरची आहे. मुलीला वाचा-उपचार आणि सोबत खेळातून शिकवणे हवे. धुळ्यातल्या एका केंद्रात सोमवारी अर्धा तास मिळाला. त्या अर्ध्या तासासाठी आई सकाळी सातला निघते, तासाभराची बस, मग रिक्षा, मग रांग. परतीची बस पकडण्याआधी दोघी आमच्या धुळ्याच्या घरी जेवतात; वरण-बट्टी असेल तर मुलगी फक्त बट्टीचे पापुद्रे खाते, तेही ओळीने लावून. घरी पोचायला चार वाजतात. एक दिवसाची मजुरी गेली. आठवड्याचा अर्धा तास आणि बाकीचे दिवस काय करायचे याचा एक छापील कागद, ज्यावर आरशासमोर बसणे, ठोकळे आणि पुस्तकातली चित्रे आहेत.

दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली आणि फेऱ्या थांबल्या. वेचणीची मजुरी किलोवर असते आणि त्या आठवड्यांत जो पैसा हाती येतो त्यावर पुढचे कितीतरी महिने काढायचे असतात. डिसेंबरात ती पुन्हा केंद्रात गेली तेव्हा नोंदवहीत शेरा होता: पालक अनियमित. सूनबाईंनी तो वाचून आम्हाला फोन केला आणि विचारले, “आत्या, अनियमित म्हणजे वाईट का?” कापसाचा हंगाम जगजाहीर आहे. उपचारांचे वेळापत्रक तो पाहून आखता येईल, त्या दोन महिन्यांत कुणाला तरी खेड्यावर पाठवता येईल, ही कल्पना अशक्य कोटीतली नाही. बहुविकलांग आणि तीव्र अक्षमता असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने दिलाच आहे; तालुक्याला विशेष शिक्षकही असतात. पण एका विशेष शिक्षकाच्या वाट्याला किती शाळा आणि किती गावे येतात, ते त्यांच्या मोटारसायकलीच्या मागे बसून पाहावे.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचे मनोबल केंद्र आहे. अंध, अस्थिव्यंग अशा तरुण मुलामुलींना निवासी ठेवून स्पर्धा परीक्षांसाठी तयार करते. ते काम पाहून आम्ही भारावून आलो होतो आणि परतीच्या बसमध्ये दोघेही गप्प होतो. परीक्षेला बसू शकणाऱ्याच्या पाठीशी उभे राहिले की एक दिवस निकाल लागतो, पेढे वाटले जातात, फोटो छापून येतो. आमच्या भाऊचा आणि या मुलीचा निकाल कधीच लागणार नाही. तिने या वर्षी चप्पल स्वतः घातली. याची बातमी होत नाही, याबद्दल तक्रार नाही. पण देणगीदार आणि कार्यकर्ते बातमीच्या मागे जातात, त्याला आपणही अपवाद नाही.

भाऊ आता छप्पन्न ओलांडून गेला आहे. केस पांढरे झाले, दात पडले, लग्नाची बोलावणी आता मोबाइलवर जातात म्हणून त्याचे काम सुटले. माय गेल्यावर तिच्या जागी कोण, हा प्रश्न कायद्याच्या भाषेतही आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. अठरा वर्षांनंतर आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. म्हणजे मायने बत्तीसएक वर्षे ही पालकी विनापरवाना केली. आम्ही अर्ज केला. त्यात दोघांपैकी कुणाचे नाव घालायचे यावरून आमचे प्रथमच खरे भांडण झाले, आणि ते जबाबदारी टाळण्याचे होते की घेण्याचे, याची स्पष्टता आजही नाही. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनी मिळून उभे केलेले ‘घरकुल’ आम्ही एकदा पाहून आलो आहोत. भाऊ तिथल्या अंगणात बराच वेळ बसला आणि मग म्हणाला, “घर चला.” एवढे एक वाक्य तो नेहमीच स्पष्ट बोलतो.

गेल्या कानबाईला रोटाची मूठ घ्यायला चुलतवहिनी बसल्या होत्या. नावे संपत आली तेव्हा धुळ्याहून आलेल्या आमच्यापैकी एकीने त्या मुलीचे नाव घेतले. मुलींची मूठ घेत नाहीत, वहिनींचा हात थांबला. थोडी कुजबूज झाली. एक म्हाताऱ्या आत्या म्हणाल्या की रीत मोडू नये, दुसऱ्या म्हणाल्या की आजारी पोरीच्या नावाने घेतली तर देवी रागावणार नाही. पोर आजारी नाही, असे तिची आई म्हणाली. तिचा आवाज एवढ्या माणसांत आम्ही प्रथम ऐकला. मूठ पडली की नाही ते सांगायचे तर पडली, पण वेगळ्या वाटीत.

त्याच सोमवारी विसर्जनामुळे केंद्राची फेरी चुकली. पुढच्या सोमवारी आमच्यापैकी एक मुद्दाम सोबत गेली. उपचार करणाऱ्या ताई परगावच्या, वयाने लहान, मनापासून काम करणाऱ्या. त्या म्हणत होत्या, “इकडे ये, बाळा. पाणी पाहिजे का?” मुलगी झाकणे लावीत होती. आईने हळूच सांगितले की घरी आम्ही ‘आठे ये’ म्हणतो. ताईंनी “आठे ये” म्हणून पाहिले. मुलगी आली नाही. पण तिचा हात थांबला. ताईंना तो थांबलेला हात दिसला, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्यांनी चाळीस शब्दांची यादी मागितली.

यादी करायला तीन आठवडे लागले. आंडोर, आंडेर, डोया, पानी, वावर, माले. भाऊला समोर बसवून चित्रे दाखवली; तो भराभर सांगत गेला आणि काही शब्द असे निघाले जे आम्ही दोघे शाळेच्या मराठीत विसरून गेलो होतो. बाविसाव्या शब्दावर आमचे भांडण झाले, कारण पारोळ्याचा उच्चार आणि धुळ्याचा उच्चार वेगळा. यादी घेऊन गेलो तेव्हा ताई ती वाचताना अडखळत होत्या. फरशी पुसत असलेल्या मदतनीस मावशींनी मागून तीन-चार शब्द बरोबर करून दिले, मग पोछा बादलीत ठेवला आणि उरलेलेही सांगितले. त्या धुळ्याजवळच्याच खेड्यातल्या. सहा वर्षे त्याच खोलीत काम करताहेत. आता सोमवारी तो अर्धा तास त्या सतरंजीवर बसतात. त्यांच्या हजेरीपत्रकात त्याची नोंद होत नाही, आणि त्या वेळात राहिलेली फरशी त्यांना नंतर पुसावी लागते.